लिहून देणाऱ्याने लिहिलेच कुठे होते?

कुठलेही जुने खरेदीखत किंवा गहाणखत उघडा. सुरुवातीलाच दोन माणसे भेटतात : एक ‘लिहून घेणार’ आणि दुसरा ‘लिहून देणार’. जमीन जाते ती लिहून देणाऱ्याची आणि येते ती लिहून घेणाऱ्याकडे. आता कागदाच्या शेवटी बघा. लिहून देणाऱ्याच्या नावापुढे बहुतेक वेळा सही नसते. तिथे शाईचा एक काळा डाग असतो आणि त्याच्या बाजूला दुसऱ्याच कुणाच्या वळणदार अक्षरात लिहिलेले असते, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’.

आमचा प्रश्न साधा आहे. ज्याने एक अक्षर लिहिले नाही, ज्याला लिहिलेले वाचताही आले नाही, तो ‘लिहून देणार’ कसा?

आपल्या वस्त्यांमध्ये पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असे कागद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पेटी उघडणारा नातू पदवीधर असतो. आजोबांचा अंगठा पाहून तो क्षणभर खजील होतो. मित्रांनो, लाज त्या नातवाला वाटण्याचे कारण नाही आणि आजोबांना तर नाहीच. ज्या व्यवस्थेने अक्षर चोरले आणि वर ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवले, लाज तिला वाटली पाहिजे. एकलव्याचा अंगठा कापून घेतला, आमच्या आजोबांचा अंगठा शाईत बुडवून घेतला. फरक एवढाच.

सही, शिक्का, साक्षीदार, मुद्रांक, नोंदणी या गोष्टींना आपण ‘कोर्टकचेरीची भानगड’ म्हणून बाजूला सारतो. पण या भानगडीलाही इतिहास आहे आणि तो जातीचा इतिहास आहे. तो समजून घेतला नाही तर पणजोबांनी गमावले तेच आपण पुन्हा गमावू, फक्त या वेळी सही इंग्रजीत असेल.

शिक्का कुणाचा, निशाणी कुणाची?

‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण रोज म्हणतो. हे मूळचे दोन वेगळे ठसे. शिवकाळातल्या राजपत्रांवर मुख्य शिक्का वर असे आणि मजकूर संपला की अगदी शेवटी मोर्तब उमटवले जाई. मोर्तबाचा अर्थ : मजकुराची मर्यादा इथे संपली. याखाली कुणी एखादी ओळ वाढवली तर ती राजाची नव्हे. म्हणजे शिक्का केवळ डौलासाठी नव्हता. लबाडाच्या लेखणीला घातलेले ते कुंपण होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तिचे काम आहे.

आता दरबारातून गावात या. वतनाचा, शिवेचा, वारसाचा वाद मिटवायला गोतसभा बसे आणि निर्णयाचा ‘महजर’ तयार होई. लिहिणारा बहुधा कुलकर्णी, लिपी मोडी. हजर असलेल्या बाकीच्यांनी आपापली निशाणी करायची. पाटील-कुणब्याची निशाणी नांगर. बाई असेल तर बांगडी. बलुतेदारांनी आपापल्या कामाचे हत्यार काढायचे.

इतिहासाच्या पुस्तकांत या निशाण्यांचे मोठे कौतुक असते. ‘किती सुंदर ग्रामसंस्था, सर्वांचा सहभाग!’ आम्हाला मात्र दुसरेच दिसते. सही माणसाचे नाव सांगते, निशाणी माणसाचे काम सांगते. लेखणीवाला आपल्या नावाने कागदावर उभा राहतो आणि बाकीचे आपापल्या जातीच्या अवजाराने. नांगर पाहून कोण कळते? कुणबी कळतो. कुठला कुणबी, हे कळायला पुन्हा कुलकर्ण्याने शेजारी लिहिलेले नावच वाचावे लागते. म्हणजे गरिबाची ओळखसुद्धा कुलकर्ण्याच्या अक्षरावर अवलंबून!

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर साक्षीदारांचीही वर्णवार वाटणी आहे : द्विजांची साक्ष द्विजांनी द्यावी, शूद्रांची शूद्रांनी, अंत्यजांची अंत्यजांनी. पण गावगाड्याला हे परवडणारे नव्हते. गावाची शीव कुठे आहे हे महाराइतके पक्के कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून शिवेच्या वादात महाराचा शब्द मोलाचा मानला जाई. त्याची साक्ष हवी होती, पण त्याच्या हातात लेखणी द्यायची नव्हती. सत्य त्याच्याकडून घ्यायचे आणि कागद आपल्याकडे ठेवायचा, असा हा सौदा होता.

आपल्या घराघरांत बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन हक्कांची आणि अमृतनाकाची कथा सांगितली जाते. ही कथा इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वाद आम्ही इथे घालत नाही. पण कथेतच एक धडा आहे. हक्क बावन होते म्हणतात, सनदही होती म्हणतात. आज ती सनद कुणाच्या पेटीत आहे? ज्या हक्काचा कागद आपल्या हातात नाही, तो हक्क कथा सांगण्यापुरताच उरतो.

अंगठा आला कुठून?

अनेकांना वाटते की अंगठा उठवण्याची रीत फार पुरातन आहे. सरकारी कागदावर ओळख पटवणारा पुरावा म्हणून बोटाचा ठसा आला तो इंग्रजी अमलात. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या मालाचा करार केला आणि करारावर त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. हेतू काय? उद्या या माणसाने ‘ही माझी सही नव्हे’ असे म्हणू नये. पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना हर्शेलने दस्तनोंदणीच्या कामात बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे कार्यालय उभे राहिले.

म्हणजे ठसा जन्माला आला तो राज्यकर्त्याच्या संशयातून. लिहून देणाऱ्याने फसवू नये याची व्यवस्था झाली. पण लिहून देणाराच फसवला जात असेल तर? ठसा एवढेच सिद्ध करतो की बोट कुणाचे होते. त्या बोटाच्या मालकाला कागदात काय लिहिले आहे ते कळले होते का, याचे उत्तर ठशात नसते.

हे उत्तर दख्खनच्या शेतकऱ्याने १८७५ साली आगीने दिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे-नगरच्या अनेक गावांत पसरला. लोकांनी काय मागितले? सावकाराच्या पेटीतले कर्जरोखे. काय जाळले? कागद! निरक्षर माणसाला आपला खरा शत्रू नेमका कुठे बसला आहे, हे पक्के ठाऊक होते.

त्यामागचे कारणही समजून घ्या. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. कायद्याचा हेतू असा की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. सावकाराने त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहायचा आणि शेतकऱ्याचा नवा अंगठा घ्यायचा. नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल होऊन बसले. रक्षणासाठी केलेला नियम वाचता न येणाऱ्याच्या गळ्याचा फास झाला.

दंगलीनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातली एक तरतूद आमच्या विषयाच्या गाभ्याची आहे. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा. तो मोठ्याने वाचून दाखवावा. तो समजला का हे विचारावे. आणि मगच सही किंवा निशाणी घ्यावी. म्हणजे अंगठ्याच्या आधी कान आणि समज आली. जोतीराव फुले याच काळात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते आणि अक्षरशत्रू शेतकऱ्याला कचेरीतली लेखणी कशी नागवते हे सांगत होते. तात्यासाहेबांची शाळा आणि सुप्याची आग, दोन्ही एकाच रोगावरचे इलाज होते.

तिसरा इलाज राजर्षी शाहू महाराजांनी केला. १९१८ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात कुलकर्णी वतने बरखास्त केली आणि पगारी तलाठी नेमले. अस्पृश्य समाजातल्या माणसांना तलाठ्याच्या जागा दिल्या, वकिलीच्या सनदाही दिल्या. गावाचे दप्तर पिढीजात एकाच जातीच्या मांडीवर राहणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकले. त्या काळी ही जमीनवाटपाइतकी मोठी क्रांती होती.

वतन गेले, जमीनही गेली

आता आपल्या सर्वात दुखऱ्या जागेकडे येऊ. १८७४ च्या वतन कायद्याने महारकी बांधली गेली : गावाची आणि सरकारची रात्रंदिवस सेवा आणि बदल्यात वतनाचा तुकडा व बलुते. ही गुलामगिरी आहे, हे बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. अखेर १९५८ चा मुंबई कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायदा आला. सेवा संपली. जमीन धारकाला पुन्हा मिळणार, पण नव्या व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय तिचे हस्तांतर करता येणार नाही, ही अट घातली गेली.

ही अट म्हणजे एक प्रकारचे मोर्तबच होते. गरजेच्या वेळी शंभर-दोनशे रुपयांसाठी वतनदाराने जमीन फुंकून टाकू नये म्हणून कायद्याने आखलेली ती मर्यादा होती. मग जमिनी गेल्या कशा? साठेखत, कुलमुखत्यारपत्र, ताबा पावती, नोटरी केलेला करार या नावांनी. ज्या कागदाने मालकी जातच नाही, अशा कागदांवर अंगठे घेतले गेले आणि ताबा मात्र गेला. ‘स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय’ एवढ्या एका वाक्यावर आपली माणसे बांधावरून परत फिरली.

म्हणून स्पष्ट सांगतो. मुद्रांक म्हणजे सरकारचा कर. कागदावर मुद्रांक आहे म्हणून व्यवहार कायदेशीर ठरत नाही. नोटरीचा लाल गोल शिक्का सहीची ओळख सांगतो, त्याने जमिनीची मालकी जात नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे.

कायदा आज काय मागतो?

इंग्रजांच्या देशात खताला सही, मोहोर आणि सुपूर्दगी अशा तिन्ही गोष्टी लागत. मेण ओतून त्यावर ठसा उमटवायचा. मोहोर असलेल्या करारात मोबदला नसला तरी तो बंधनकारक धरला जाई. आपल्या १८७२ च्या करार कायद्याने मोहोरेचे हे माहात्म्य स्वीकारले नाही. खुद्द इंग्लंडनेही १९८९ च्या कायद्याने व्यक्तीच्या खतासाठी मोहोरेची सक्ती काढून टाकली. आपल्याकडे कंपन्यांसाठीसुद्धा २०१५ पासून सामाईक मोहोर ऐच्छिक आहे. म्हणून कुणी गोल शिक्का दाखवून दरडावू लागला तर दबू नका. शिक्क्यापेक्षा मजकूर मोठा.

सही येत नसेल तर? १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट सांगतो की ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत ‘सही’ या शब्दात ‘निशाणी’ येते. कायद्यापुढे आजोबांचा अंगठा आणि जहागीरदाराची सही यांचे वजन एक. २००१ च्या दुरुस्तीनंतर तर मालमत्तेच्या हस्तांतराच्या दस्तावर घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांचे फोटो आणि बोटांचे ठसे लागतात. साखर कारखान्याचा मालक असो की सफाई कामगार, यंत्रावर अंगठा दोघांनी टेकायचा. अंगठेबहाद्दर म्हणून हसणाऱ्यांवर काळाने उगवलेला हा सूडच म्हणा.

साक्षीदारांचेही तसेच. गहाणखताला, बक्षीसपत्राला आणि मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार म्हणजे चहा पिऊन नंतर नाव टाकणारा नव्हे. लिहून देणाऱ्याने सही-निशाणी करताना ज्याने पाहिले, किंवा ‘ही माझीच’ असे ज्याने त्याच्या तोंडून ऐकले, तोच साक्षीदार. आणि तो कोणत्या जातीचा, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने विचारलेच नाही. ज्याला प्रश्न समजतो आणि उत्तर देता येते, तो साक्ष द्यायला पात्र. मनूच्या आठव्या अध्यायाची ती वाटणी या एका नियमाने निकालात निघाली.

आणि नोंदणी कचेरीतला तो एक क्षण! दुय्यम निबंधकासमोर उभे राहिल्यावर विचारले जाते, दस्त तुम्हीच करून दिला आहे का? गर्दीत, घाईत, एजंट कोपराने ढोसत असताना आपली माणसे ‘हो साहेब’ म्हणून मोकळी होतात. पण १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो की लिहून देणाऱ्याने दस्त करून दिल्याचे नाकारले, तर निबंधकाने नोंदणी नाकारली पाहिजे. कोट्यवधीचा व्यवहार एका गरीब माणसाच्या ‘नाही’ या शब्दापुढे तिथे थांबतो. हा शब्द उच्चारायचे बळ येते ते वाचण्यातून आणि सोबत उभ्या असलेल्या माणसांतून.

अंगठा दिला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. निरक्षर, पडद्यातल्या, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीकडून दस्त करून घेणाऱ्यावर न्यायालये जबाबदारी टाकत आली आहेत : तिला मजकूर समजावून सांगितला होता हे तू सिद्ध कर. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका निरक्षर स्त्रीचे प्रकरण आले. मुलीला बक्षीसपत्र करून देतो आहोत असे समजून तिने अंगठे दिले होते, आणि त्याच वेळी तिच्याकडून खरेदीखतावरही अंगठे घेतले गेले. न्यायालयाने ते खरेदीखत शून्यवत ठरवले. कागद कोणता हेच जिला ठाऊक नव्हते, तिची संमती कसली?

काही करार तर कितीही सह्या-शिक्क्यांनी उभे राहत नाहीत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचा प्रत्येक करार, प्रत्येक रूढी निरर्थक ठरवली. उचल दिली म्हणून माणूस आणि त्याची पोरे बांधून ठेवणारा कागद पाचशेच्या मुद्रांकावर असला तरी तो रद्दीच.

मग या औपचारिकता हव्यात की नकोत?

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, हे सगळे नियम म्हणजे गरिबाला नाडणारी नोकरशाही आहे, विश्वासावर व्यवहार व्हावेत. आम्हाला हे पटत नाही. विश्वासावरचा व्यवहार बलवानाच्या सोयीचा असतो. तोंडी शब्द फिरला तर पाटलाचा शब्द टिकतो, आपला नाही. नियम कडक असणे हे दुर्बळाच्या हिताचे आहे, अट एकच : नियम दुर्बळाला माहीत असला पाहिजे. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतले. त्यानंतर दहा वर्षे ते कोर्टात कागद आणि पुरावा घेऊन लढले आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकले. मोर्चा आणि दस्तऐवज, दोन्ही पाय लागतात.

आता स्वतःकडेही पाहू. शिकलेले आपण काय करतो? कर्जाच्या अर्जावर एजंट पेन्सिलीने फुल्या मारतो आणि आपण तीस ठिकाणी सह्या ठोकतो. बचत गटाच्या नावाखाली आपल्या आया-बहिणींचे अंगठे यंत्रावर टेकवले जातात, रक्कम किती हे नंतर कळते. कोऱ्या कागदावर सही करणे म्हणजे मजकुराच्या आधीच मोर्तब उठवणे. शिवकाळातल्या कारकुनालाही जे कळत होते, ते पदवीधराला कळू नये?

आणि बहिणीचे हक्कसोडपत्र? २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बापाची आपण लेकरे. तरीही ‘माहेर तुटेल’ अशी भीती घालून बहिणीला कचेरीत नेतो, न वाचलेल्या कागदावर तिची सही घेतो आणि संध्याकाळी साडी देऊन बोळवण करतो. त्या दिवशी आपण १८७५ चे सावकार झालेलो असतो. हे कटू आहे, पण खरे आहे.

म्हणून आमची मागणी सरकारकडे नंतर, आधी आपल्या तरुणांकडे आहे. आपापल्या विहारात महिन्यातून एक संध्याकाळ ‘कागदवाचना’ची ठेवा. पत्र्याच्या पेट्या उघडा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ आहे का, इतर हक्कांत काय शेरा आहे, कोणत्या फेरफाराने नाव कमी झाले, परवानगीचा आदेश कुठे आहे, हे तपासा. मोडी वाचायला दोघेचौघे तरी शिका, कारण आपला इतिहास त्या लिपीत अडकून पडला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या माणसासोबत नोंदणी कचेरीत जावे, दस्त आधी मोठ्याने वाचून घ्यावा, कोऱ्या जागा रेघ मारून बंद कराव्यात, खाडाखोडीवर सही घ्यावी आणि प्रत घेतल्याशिवाय पायरी उतरू नये.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. ज्या समाजाला हजारो वर्षे निशाणीपुरतेच ठेवले, त्या समाजातल्या बाबासाहेबांची सही त्या दस्तावर आहे. तो या देशातला पहिला मोठा कागद, ज्याच्या मजकुरावरही आपल्या माणसाचा हात फिरला होता. तिथे लिहून देणाऱ्याने खरोखर लिहिले होते.

आपल्या घरातला प्रत्येक कागद तसाच झाला पाहिजे. सही कराल तेव्हा वाचून करा. आणि वाचून पटले नाही, तर ‘नाही’ म्हणा.

जय भीम! जय संविधान!